रिपोर्ट नॉर्मल, पोट मात्र बिघडलेलं

१. दोन पक्ष

"सोनोग्राफी झाली, एंडोस्कोपी झाली, रक्त-लघवी सगळं तपासून झालं. रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणता, मग पोट दुखतं ते कशाने?"

पोटविकारांच्या कुठल्याही डॉक्टरला हा प्रश्न सवयीचा असतो. त्याचं उत्तर बहुतेकदा तीन शब्दांत मिळतं: "टेन्शन घेऊ नका." पेशंट फी देऊन बाहेर पडतो, पण आपल्याला खोटं ठरवलं असंच त्याला वाटत राहतं. घरी गेल्यावर "मनाचे खेळ आहेत, दुसरं काही नाही" हे ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच.

मोबाइल उघडला तर उलटा प्रचार दिसतो. चिंता, नैराश्य, झोप न येणं, चिडचिड, या सगळ्यांचं मूळ म्हणे आतड्यात आहे. आतडं सुधारा, मन आपोआप ताळ्यावर येईल. खाली कॅप्सूलच्या डबीची किंमतही दिलेली असते.

एक पक्ष म्हणतो, पोटाचं दुखणं मनातून येतं. दुसरा म्हणतो, मनाचं दुखणं पोटातून येतं. दोघांकडे पुरावा आहे आणि दोघेही पुराव्यापेक्षा जास्त बोलतात. म्हणून हा पुरावा कुठपर्यंत जातो आणि कुठे संपतो ते टप्प्याटप्प्याने पाहू.

२. जठरात डोकावता आलं तेव्हा

६ जून १८२२. अमेरिकेत ह्युरॉन सरोवरातल्या मॅकिनॅक बेटावर, फरचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या दुकानात चुकून बंदूक उडाली. अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण फ्रेंच-कॅनेडियन कामगाराच्या पोटात जवळून छर्रे घुसले. लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँटला तो जगेल असं वाटत नव्हतं. तो जगला, पण जखम बुजली नाही. पोटाच्या कातडीपासून थेट जठरात जाणारं भोक कायम राहिलं.

ब्यूमाँटने या भोकाचा पुरेपूर उपयोग केला. मांसाचा, भाजीचा तुकडा रेशमी दोऱ्याला बांधून आत सोडायचा, तासाभराने ओढून काढायचा, किती पचला ते लिहायचं. ही निरीक्षणं १८३३ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि पचनाच्या अभ्यासाचा पाया घातला गेला. त्यातली एक नोंद आपल्या कामाची आहे. सेंट मार्टिन भ्यालेला किंवा चिडलेला असला की जठराच्या अस्तराचं रूप बदलायचं आणि पचन रेंगाळायचं. पोटात दोरा सोडून बसवून ठेवलेल्या माणसाला चिडायला दुसरं कारण लागत असेल असं वाटत नाही. पण निरीक्षण पक्कं होतं.

१९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये स्टुअर्ट वुल्फ आणि हॅरॉल्ड वुल्फ या डॉक्टरांना असाच एक माणूस मिळाला. त्यांनी त्याला 'टॉम' म्हटलं. लहानपणी कढत सूप प्यायल्याने त्याची अन्ननलिका कायमची चिकटली होती. तो अन्न चावायचा आणि पोटावरच्या भोकातून आत घालायचा. टॉम घाबरला की जठराचं अस्तर पांढरं पडायचं आणि आम्ल कमी व्हायचं. अपमान गिळून आतल्या आत धुमसत राहिला की अस्तर लालबुंद व्हायचं आणि आम्ल वाढायचं.

इथपर्यंत मनाचा परिणाम पोटावर होतो हे डोळ्यांनी दिसलेलं सत्य होतं. पण वैद्यकशास्त्राने त्याच्यावर इमला जरा जास्तच चढवला. अल्सर म्हणजे ताणाचा आजार, असं ठरूनच गेलं. अल्सरच्या पेशंटला दूध, बेचव जेवण आणि नोकरीत कमी दगदग करण्याचा सल्ला मिळे. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू वेगळा केला. कुणी ऐकेना, तेव्हा मार्शलने १९८४ मध्ये तो जिवाणू स्वतःच पिऊन जठराची सूज ओढवून घेतली. बहुतेक अल्सरमागे हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात हे पुढे सिद्ध झालं. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. कित्येक वर्षं ज्यांना 'टेन्शन घेऊ नका' सांगितलं, त्यांना खरं तर अँटिबायोटिकचा कोर्स लागत होता.

३. पोटाचा स्थानिक कारभार

मनातली भीती पोटात उतरते कशी? त्यासाठी आधी आतड्याची रचना समजून घ्यायला हवी.

अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत भिंतीच्या थरांत चेतापेशींची दोन जाळी पसरलेली आहेत. त्यांत १० कोटींहून अधिक पेशी आहेत. मेंदूतल्या सुमारे ८,६०० कोटींपुढे हा आकडा किरकोळ आहे, पण शरीरात मेंदूबाहेर इतका मोठा साठा फारसा कुठे नाही. अमेरिकी संशोधक मायकेल गर्शन यांनी १९९८ मध्ये आपल्या पुस्तकाला 'दुसरा मेंदू' असं नाव दिलं आणि ते लोकांच्या तोंडी बसलं. मला ते नाव थोडं चढवलेलं वाटतं. आतडं विचार करत नाही, आठवणींत रमत नाही. ते स्वतःचा कारभार मात्र स्वतः पाहतं. १८९९ मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणाऱ्या सगळ्या नसा तोडल्या. तरी आतून दाब दिला की वरचा भाग आवळला जायचा आणि खालचा सैल पडायचा, म्हणजे अन्न पुढेच सरकायचं. मेंदूला विचारायची गरजच पडली नाही.

गावच्या ग्रामपंचायतीसारखं आहे हे. नळाला पाणी किती वाजता सोडायचं, दिवाबत्ती कशी करायची, हे गावात ठरतं. मंत्रालयाकडे अहवाल सतत जातात, तिकडून आदेश येतात ते मोजके. आतडं आणि मेंदू यांना जोडणारी मुख्य नस म्हणजे व्हेगस नर्व्ह. तिच्यातल्या दर १० तंतूंपैकी सुमारे ८ खालून वर बातमी नेणारे आहेत. पोट किती ताणलं, आत काय आलं, कुठे सूज आहे, हे सगळं वर जातं. त्यातलं बहुतेक आपल्या जाणिवेपर्यंत पोचतही नाही.

पण वर आणीबाणी जाहीर झाली की खालचा कारभार बदलतो. परीक्षेची सकाळ घ्या. मेंदूने धोका ओळखला की तो ताणाची रसायनं सोडतो आणि नसांमार्फत इशारे देतो. त्यांचा जठरावर आणि मोठ्या आतड्यावर होणारा परिणाम एकमेकांच्या उलट असतो. जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणून पोहे घशाखाली उतरत नाहीत. मोठ्या आतड्याची हालचाल मात्र वाढते, म्हणून निघायच्या आत दोनदा संडास गाठावा लागतो. पोटात गोळा येतो तो असा, आणि त्यासाठी पोटात काही बिघडलेलं असायची गरज नसते.

४. बातमी मोठी करून सांगणाऱ्या नसा

आता आयबीएसकडे, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोमकडे येऊ. पोटात वारंवार दुखतं, ते शौचाशी जोडलेलं असतं, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठता होते, आणि तपासण्यांत काही सापडत नाही. तपासण्या खोट्या नसतात. पण एंडोस्कोपी व्रण, सूज, गाठ शोधते. नसा बातमी कशी देतात हे दुर्बिणीत दिसत नाही.

ते दाखवणारा प्रयोग साधा आहे. गुदाशयात छोटा फुगा ठेवून तो हळूहळू फुगवतात. निरोगी माणसाला जितक्या ताणाने नुसतं भरल्यासारखं वाटतं, तितक्याच ताणाने आयबीएसच्या अनेक पेशंटना कळ येते. फुगा तोच, आतडं वरकरणी सारखंच. फरक बातमी पोचवणाऱ्या आणि वाचणाऱ्या यंत्रणेत आहे. म्हणजे दुखणं खरं आहे. आता तज्ज्ञ आयबीएससारख्या विकारांच्या गटाला 'आतडं आणि मेंदू यांच्या संवादातले विकार' म्हणतात.

ही यंत्रणा बिघडते कशाने? कॅनडातल्या वॉकर्टन या छोट्या शहराने याचं उत्तर फार महागात मिळवून दिलं. मे २००० मध्ये जोरदार पावसाने शेणखतातले जिवाणू शहराच्या विहिरीत उतरले. सुमारे २,३०० लोक आजारी पडले, ७ दगावले. नंतर संशोधकांनी तिथल्या लोकांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. डॉक्टरांच्या नोंदीनुसार ज्यांना जुलाबाचा आजार झाला होता, त्यांच्यापैकी तिघांतल्या एकाहून अधिक जणांना पुढे आयबीएसची लक्षणं दिसली. जे आजारीच पडले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण दहांत एक होतं. मूळ संसर्ग केव्हाच गेला होता, नसा मात्र हळव्या होऊन बसल्या. आणि आधीपासून चिंता किंवा नैराश्य असलेल्यांना हा त्रास लागण्याची शक्यता जास्त होती. एकाच शहरात, एकाच पाण्याने दोन्ही पक्षांचं म्हणणं अर्धं-अर्धं खरं ठरवलं.

नसा अशा हळव्या होतात म्हणूनच पोटाचे डॉक्टर कधी कधी अमिट्रिप्टिलिनची गोळी लिहितात. पेशंट घरी जाऊन नाव शोधतो, 'नैराश्यावरचं औषध' असं वाचतो आणि गोळ्या ड्रॉवरमध्ये टाकतो. मला वेडा ठरवलं काय! खरं तर नैराश्यासाठी लागणाऱ्या मात्रेपेक्षा ही मात्रा खूप कमी असते आणि ती दुखण्याच्या बातमीचा आवाज कमी करण्यासाठी दिलेली असते. इंग्लंडमध्ये ४६३ पेशंटवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज १० ते ३० मिलिग्रॅम मात्रा देऊन ६ महिन्यांनी पाहिलं, तेव्हा नकली गोळीपेक्षा हिचा फायदा स्पष्ट दिसला. मँचेस्टरच्या पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ मध्येच पोटावर लक्ष केंद्रित करणारं संमोहन वापरून जुनाट आयबीएसमध्ये आराम पडतो हे दाखवलं होतं. एवढं झालं तरी औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं. आणि शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, रक्तक्षय, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यांतलं काही असेल तर 'आयबीएस असेल' म्हणून थांबू नये, तपासणी करून घ्यावी.

५. सेरोटोनिनचा घोळ

'आनंदाचं रसायन असलेलं ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं, म्हणून आनंद आतड्यात तयार होतो.' हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. त्याचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे.

हे रसायन मुळात आतड्यातच सापडलं. इटलीच्या व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांना १९३० च्या दशकात आतड्याच्या अस्तरातल्या पेशींत स्नायू आवळणारं काहीतरी मिळालं. १९४८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला ते रक्तातून वेगळं झालं. मेंदूतही ते आहे हे बेटी ट्वारॉग यांनी त्यानंतर काही वर्षांनी दाखवलं.

आतड्यातलं सेरोटोनिन आतड्याचंच काम करतं: हालचाल सुरू करणं, पाचक रस सोडायला लावणं, मळमळीचा इशारा वर पाठवणं. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक गाळणी असते आणि सेरोटोनिन तिच्यातून पलीकडे जात नाही. मेंदू स्वतःचं सेरोटोनिन स्वतः बनवतो. नैराश्यावरच्या अनेक गोळ्या सेरोटोनिनवर काम करतात आणि पहिल्या आठवड्यात त्यांनी मळमळ किंवा जुलाब का होतात, हेही यावरून कळतं: गोळीला मेंदू आणि आतडं असा भेद कळत नाही. आतड्यातलं सेरोटोनिन व्हेगसच्या टोकांना चाळवतं, तेव्हा त्याचा मेंदूवर अप्रत्यक्ष प्रभाव असू शकतो. पण आतड्यात सेरोटोनिन वाढवलं की मन प्रसन्न होईल, हे गणित चुकीचं आहे. ते नुसतं वाढलं तर आधी जुलाब होतील.

६. जंतूंची बाजू

आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आहेत; स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. 'जिवाणू पेशींच्या दहापट' हा जुना आकडा २०१६ मध्ये इस्रायली शास्त्रज्ञांनी नीट मोजून बाजूला सारला. या सगळ्यांचं वजन सुमारे २०० ग्रॅम. त्यांतले बहुसंख्य मोठ्या आतड्यात असतात. आपल्याला न पचलेला चोथा ते आंबवतात आणि त्यातून बनणाऱ्या आम्लांवर आतड्याचं अस्तर पोसलं जातं.

आतड्यातल्या जिवाणूंमुळे मन बिघडू शकतं याचा सर्वांत पक्का पुरावा प्रयोगशाळेत नाही, जिल्हा रुग्णालयाच्या वॉर्डात आहे. लिव्हर सिरॉसिसचा पेशंट अचानक असंबद्ध बोलू लागतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो, सही नीट करता येत नाही. आतड्यातले जिवाणू प्रथिनांतून अमोनिया बनवतात. निकामी यकृताला तो साफ करता येत नाही आणि तो मेंदूपर्यंत जातो. डॉक्टर लॅक्ट्युलोजचं सिरप देतात, दिवसातून दोन-तीनदा शौच होईल असं बघतात, जोडीला आतड्यातच राहणारं अँटिबायोटिक देतात. अनेकदा एक-दोन दिवसांत माणूस नातेवाइकांना ओळखू लागतो.

निरोगी यकृत असलेल्या उदास माणसाचं काय? इथे पुरावा विरळ होतो. जपानच्या क्यूशू विद्यापीठातल्या नोबुयुकी सुडो आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांना नळीत कोंडलं. त्यांच्या शरीरात ताणाची रसायनं नेहमीच्या उंदरांपेक्षा जास्त उसळली. लहानपणीच जिवाणू दिले तर हे सुधारायचं. मोठेपणी दिले तर नाही. २०११ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या गटाने उंदरांना लॅक्टोबॅसिलसचा एक विशिष्ट प्रकार खाऊ घातला. ते कमी घाबरट झाले. व्हेगस नस कापलेल्या उंदरांवर परिणाम झाला नाही, म्हणजे बातमी त्या नसेतून जात होती. प्रयोग देखणा होता आणि जगभर गाजला. पुढे त्याच शहरात तोच जिवाणू २९ निरोगी पुरुषांना देऊन पाहिला. २०१७ मध्ये निकाल आला: नकली कॅप्सूलपेक्षा काही फरक नाही. ही दुसरी बातमी कॅप्सूलच्या जाहिरातीत येत नाही.

शिवाय आतडं कुणाचं, हाही प्रश्न आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी भारतीयांच्या आतड्यातले जिवाणू तपासले, तेव्हा प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे गट ठळक दिसले. पाश्चात्त्यांच्या आतड्यातलं चित्र वेगळं असतं. परदेशातल्या आतड्यांवर तपासलेली डबी इथे तेवढीच लागू पडेल हे गृहीत धरता येत नाही.

पोटातून मन दुरुस्त करायचा उत्साह नवा नाही आणि त्याचा इतिहास भयंकर आहे. अमेरिकेत न्यू जर्सीच्या ट्रेंटन मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन याला खात्री होती की वेड म्हणजे शरीरात दडलेल्या जंतुसंसर्गाचं विष. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्याने रुग्णांचे दात उपटायला सुरुवात केली, मग टॉन्सिल काढले, मग मोठं आतडंच काढू लागला. अँटिबायोटिक तेव्हा नव्हती. कित्येक रुग्ण शस्त्रक्रियेने मेले, आणि तो मात्र यशाचे आकडे छापत राहिला.

७. मग खायचं काय?

२०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेलिस जॅका आणि सहकाऱ्यांनी नैराश्य असलेल्या ६७ लोकांवर केलेली चाचणी प्रसिद्ध केली. ३३ जणांना १२ आठवडे आहारतज्ज्ञाची मदत: भाज्या, फळं, डाळी-कडधान्यं, अख्खी धान्यं, सुका मेवा, मासे, ऑलिव्ह तेल. ३४ जणांना तेवढाच वेळ कुणीतरी गप्पा मारायला. शेवटी आहाराच्या गटातल्या ३१ पैकी १० जण नैराश्यातून बाहेर आले, गप्पांच्या गटातल्या २५ पैकी २.

एक तृतीयांशाविरुद्ध आठ टक्के. फार छान. आता आकडे पुन्हा पाहा. ३३ चे ३१ राहिले, पण ३४ चे २५ च राहिले. गप्पांच्या गटातून ९ जण मध्येच निघून गेले. शिवाय आपण कुठल्या गटात आहोत हे प्रत्येकाला ताटात बघूनच कळत होतं. आणि बहुतेकांचे औषधोपचार किंवा समुपदेशन आधीपासून चालू होते. म्हणजे आहाराने उपचारांना हातभार लागतो असं म्हणायला जागा आहे. डाळ-भाजी खा आणि गोळ्या सोडा, असं म्हणायला नाही. चालू गोळ्या मनाने बंद करणं धोक्याचं असतं.

आंबवलेल्या पदार्थांबद्दल स्टॅनफर्डचा २०२१ चा अभ्यास आहे. ३६ निरोगी लोक, १० आठवडे. ज्यांनी दही, केफिर, किमची असे पदार्थ भरपूर खाल्ले त्यांच्या आतड्यात जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातल्या दाह दाखवणाऱ्या काही प्रथिनांचं प्रमाण कमी झालं. या अभ्यासाचा मुख्य विषय मनःस्थिती नव्हता, हे लक्षात ठेवायचं. आपल्याकडे घरचं दही आणि ताक सहज मिळतं. ताकाची कढी उकळली की जिवाणू मरतात; इडली-ढोकळ्याचं पीठ आंबतं खरं, पण वाफेवर तेही संपतात. चव आणि पोषण उरतं, जिवंत जिवाणू उरत नाहीत.

चोथा वाढवायचा तर भाकरी, साल न काढलेल्या डाळी, मोडाची कडधान्यं, पालेभाज्या पुरेशा आहेत. फक्त एका आठवड्यात सगळं वाढवू नये, गॅसने जीव नकोसा होतो. आयबीएस असलेल्यांची गोष्ट आणखी वेगळी. कांदा, लसूण, गहू, राजमा-छोले यांतले काही कार्बोदक घटक लहान आतड्यात नीट शोषले जात नाहीत, मोठ्या आतड्यात गॅस करतात आणि हळव्या नसा कळवळतात. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने यावर आहारपद्धती बसवली आहे: काही आठवडे हे पदार्थ बंद, मग एकेक परत आणून नेमका त्रास देणारा कोणता ते शोधायचं. ती आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावी, कारण लोक पहिला टप्पा मनापासून पाळतात आणि दुसरा विसरतात. मग वर्षभर कांदा-लसूण बंद राहतो, आणि ज्या जिवाणूंसाठी डब्यांवर पैसे खर्च होतात तेच उपाशी राहतात.